गळक्या थाळ्यांबरोबर

१२ जानेवारी

वन्सं,

तुमचं खोकं काल पोहोचलं. आत लाकडाच्या भुशात गुंडाळलेली एक बाटली, तिच्यावर तुमच्या त्या टोकदार अक्षरात ‘समुद्री शेवाळ, मेण, पाणी. हलवून वापरा’, आणि बाकी शून्य. खोटं कशाला सांगू, मी तो भुसा चाळणीनं चाळून बघितला. म्हटलं एखादा चिटोरा खाली गेला असेल. पण भुशातून भुसाच निघाला.

‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ हे मानानं लिहिलेलं नाही, रागानं लिहिलंय, हे तुम्हाला कळलं असेलच. फोन तुम्ही उचलत नाही. रविवारी आईंशी बोलता, तेव्हा मी ऐकत नाही असं वाटावं म्हणून स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवते. हॉस्पिटलची बातमी आईंनीच तुमच्या कानावर घातली असणार. पण आईंच्या सांगण्यात निम्मे त्यांचे गुडघे असतात, म्हणून मीच नीट सांगते.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला फोमचे डबे बंद करायचे आहेत. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई आपल्या कारखान्यात येऊन गेल्या. बाई कोरड्या आहेत, पण कामाच्या. काडाच्या लगद्याची थाळी त्यांना आवडली. मग अटी सांगायला लागल्या. लेपात ते फ्लोरिनवालं, जमिनीत कधीच न विरणारं रसायन नको. आतून प्लास्टिकचा पापुद्रा नको. लगदा फक्त ताज्या गव्हाच्या काडाचा हवा, रद्दीचा एक कपटा चालणार नाही, कारण छपाईच्या शाईतलं तेल गरम अन्नात उतरतं आणि त्यांच्याकडे खाणारी माणसं आधीच आजारी असतात. एवढं सगळं नको-नको करून झाल्यावर म्हणाल्या, “आणि सूप तासभर टिकलं पाहिजे.” मी मनात म्हटलं, बाई, मग सूपच जरा घट्ट करा.

हे काम मिळालं नाही तर साचे विकून टाकायचे असं तुमच्या दादांनी ठरवलंय. म्हणजे प्रश्न एका ऑर्डरचा नाही, कारखाना राहणार की जाणार याचा आहे. म्हणून तुमची बाटली मी राग गिळून उघडली. फवारा मारला, भट्टीत वाळवल्या, उकळतं सूप ओतलं आणि थाळ्या वर्तमानपत्रावर ठेवल्या. तळ कोरडा ठणठणीत. आनंदानं मी आईंना हाक मारणार, तेवढ्यात चारी कोपऱ्यांतून सूप ठिबकायला लागलं. साच्यातून निघताना थाळीचा कोपरा ताणला जातो आणि तिथंच तुमचा लेप तडकतो.

गळक्या थाळ्या परत पाठवतेय, पत्र त्यांच्या खाली ठेवलंय. थाळ्या बघायला तरी खोकं उघडाल.

आणि विषय निघालाच आहे तर एकदा लिहूनच टाकते. त्या दिवशी केकसाठी थाळ्या घ्यायला तो केकवाला आपल्या दारात आला होता, आपला जुना फ्लोरिनवाल्या लेपाचा माल बघून खूश होता, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणालात, “थाळी मातीत जाईल, पण हा लेप तुमच्या नातवंडांनंतरही राहील.” तो चहा अर्धा टाकून गेला. तुमचं म्हणणं खरं होतं, मी आजही नाही म्हणत नाही. पण खरं बोलायचीसुद्धा रीत असते. आधी घरात सांगायचं, मग दारात. तुम्ही घरात अवाक्षर काढलं नाहीत आणि परक्यासमोर आमची अब्रू काढलीत. मी म्हटलं, “ज्याला घरच्यांना आधी सांगता येत नसेल त्यानं या घरात राहू नये,” आणि तुम्ही एक बॅग भरून निघून गेलात. एका शब्दानं उत्तर दिलं नाहीत. नुसतं दादांकडे बघितलंत, आणि ते थाळ्या दाबायच्या प्रेसचा दांडा पुसत बसले होते. उत्तर नव्हतंच तुमच्याकडे, असं मी तेव्हापासून धरून चाललेय.

वहिनी


४ फेब्रुवारी

वन्सं,

दुसरी बाटली आली. चिठ्ठी नाही. भुसा या वेळी चाळला नाही, मानी आहे मी. हातानं चाचपला फक्त.

कोपरे आता गळत नाहीत, मान्य. तुम्ही त्यात काय घातलंत देव जाणे, लेप रबरासारखा वाकतो. लोणी चोपडून ठेवलं, डाग पलीकडे गेला नाही. मी पन्नासेक थाळ्या करून एकावर एक रचल्या, वर पाटा ठेवला आणि गोदामात ठेवून दिल्या. हवा दमट होती. सकाळी बघते तर सगळ्या थाळ्यांनी एकमेकींना मिठी मारलेली. सोडवायला गेले तर लेप एकीचा, तळ दुसरीचा. तुमचे दादा म्हणाले, “छान खांब झालाय, छताला लाव.” यांना विनोद नेमका तेव्हाच सुचतो जेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली असते.

हॉस्पिटलमध्ये थाळ्या अशाच रचून ठेवतात. पहाटे चार वाजता स्वयंपाकघरातली बाई एका हातानं थाळी ओढणार आणि दुसऱ्या हातानं सूप ओतणार. तिनं काय पातेलं खाली ठेवून थाळ्यांची भांडणं सोडवत बसायचं का?

वैतागून मी गावातल्या एका विक्रेत्याला बोलावलं. टाय लावून आला. त्याच्याकडे मक्याच्या प्लास्टिकचे कप होते, ‘संपूर्ण विघटनशील’ म्हणून छापलेले. मी विचारलं, “परसात पुरला तर किती दिवसांत जिरेल?” म्हणाला, “परसात नाही मॅडम, त्याला खास कारखान्यातली उष्णता लागते.” असा कारखाना जवळपास कुठे आहे? तर नाही. म्हणजे कप विरघळतो, फक्त जिथे विरघळतो तिथे जात नाही. आधी मी अशाच कागदांवर सह्या करत आले. आता डोक्यात तुमचा किडा शिरलाय, त्यामुळे कोणी हिरव्या पानाचं चित्र दाखवलं की मला मागची बाजू बघावीशी वाटते. या सवयीनं आयुष्य फार सुखाचं होतं असं नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी मुदत मार्चपर्यंत वाढवलीय. का वाढवली कोणास ठाऊक. त्यांनी चिकटलेला खांब बघितला, एक थाळी सोडवून वास घेतला आणि म्हणाल्या, “वास नाही, हे चांगलंय. मागच्या लोकांच्या डब्यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा, पेशंट जेवण परत पाठवायचे.” हे तुम्हाला कळवावं असं वाटलं.

आई विचारतात, “काय लिहिलंय गं तिनं?” बाटलीवर लिहिलेलं वाचून दाखवते. ‘हलवून वापरा.’ त्या म्हणतात, “अजून कोणाला हलवायचं राहिलंय?” त्यांचा रोख माझ्याकडे असतो. मी ऐकून घेते.

चिकटलेल्या थाळ्या पाठवतेय. सोडवता आल्या तर सोडवा.

वहिनी


२७ फेब्रुवारी

जमलं.

तिसरी बाटली. कोपरे कोरडे, गठ्ठा सुटा, लोणी जागच्या जागी. प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात तुझं ते न विरणारं भूत कुठेही नाही. हॉस्पिटलच्या दोन वॉर्डांत आठवडाभर चाचणी झाली. मी स्वतः जाऊन उभी राहिले. एका आजोबांनी सूप संपवून थाळी उलटी करून खालून बघितली, मग मला म्हणाले, “गळत नाही की.” एवढा मोठा गौरव मला आजवर कोणी केला नव्हता. बाई हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, “पहिली खेप मार्चच्या मध्याला द्या.”

घरी येताना गाडीत मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. तू तिथं बसून आमच्यासाठी तीन-तीन लेप करतेस, तुझ्या त्या रसायनांच्या नोकरीतून वेळ काढतेस, पोस्टात जातेस, भुसा भरतेस, आणि एक ओळ लिहीत नाहीस. अशी मदत घेताना माणसाला किती अपमान वाटतो याची कल्पना आहे तुला? शिव्या घालायच्या असतील तर घाल. मी उत्तर देईन, निदान दोघी बोलत तरी असू. ही मुकी बाटली समोर आली की मी हात टेकते.

‘तुम्ही’ लिहायला विसरले बघ. राहू दे आता.

मी पुढचे दोन-अडीच आठवडे माहेरी आहे, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. माल तुझा दादा काढेल. लगदा, साचा, प्रेस सगळं ठरलंय, नव्यानं डोकं चालवायचं काही नाही. त्याला चुकायला मी जागाच ठेवलेली नाही.

वहिनी


१८ मार्च

आज लिहावंसं वाटत नाही, पण घरात बोलण्यासारखं कोणी नाही. आई शेजारी जाऊन बसल्यात आणि तुझा दादा गोदामात आहे. म्हणून लिहिते.

पहिली खेप आज सकाळी जायची होती. गाडी फाटकाशी लागलेली, निम्मी भरलेली. मी माहेरून कालच आलेली. तू लावलेल्या सवयीप्रमाणे प्रत्येक गठ्ठ्यातली एक थाळी उजेडाकडे धरून बघत होते. एका थाळीच्या तळाशी निळा ठिपका दिसला. नखानं उकरला तर छापील कागदाचा कण. दुसऱ्या गठ्ठ्यात लाल. मग मी वेड्यासारखी गठ्ठे फोडत सुटले. सगळीकडे होते, कुठे कमी, कुठे जास्त.

“अहो, हे काय?”

“कुठे काय? काड आहे ते. येतं कधीकधी.”

“निळं काड कुठल्या शेतात पिकतं?”

मग हळूहळू निघालं. मी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोदामातला पाण्याचा पाइप फुटला. काडाचे भारे भिजले, कुजले. नवं काड यायला वेळ लागणार होता, तारीख तर ठरलेली. मग यानं बाजारातल्या दुकानांमधून जुनी खोकी आणली, फाडली आणि लगद्याच्या टाकीत सोडली. वर मलाच समजावायला लागला, “थोडीच घातलीत. आणि हाही पुनर्वापरच आहे की. सगळं जग त्याच्यामागे लागलंय. वरून लेप आहे, तेल काय उडी मारून सूपमध्ये येणार आहे?”

मी म्हटलं, बुटांच्या खोक्याला रद्दी चालते, अंड्यांच्या ट्रेला चालते. गरम सूप आणि आजारी माणूस म्हटल्यावर चालत नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. आणि अहवाल आहे तो स्वच्छ काडाच्या थाळ्यांचा. लेपाखाली दुसरंच काही असलं तर तो अहवाल दुसऱ्याच्याच थाळीचा झाला. हे सगळं त्याला माहीत होतं, शब्द न् शब्द.

“मग मला आधी का नाही सांगितलंत? मी काय परदेशात होते?”

“सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस.”

“थांबवायचंच होतं ना.”

“म्हणूनच. घरात आधी सांगून काय होतं? तिनंही मला आधी सांगितलंच होतं की. केकवाला यायच्या आधी आठवडाभर रोज सांगत होती. मी थांबवलं का?”

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. लगेच प्रेसचा दांडा पुसायला लागला.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मी तुला इतके दिवस ‘घरच्या माणसाला आधी सांगायची रीत’ शिकवत बसले होते, आणि तो घरचा माणूस माझ्या शेजारी मूग गिळून उभा होता. तू सांगितलं होतंस. त्यानं पोटात ठेवलं, मला कळू दिलं नाही, केकवाल्याला चहाला बोलावलं. तू त्याच्याकडे बघितलंस ते हे सांग म्हणून. तो बोलला नाही, आणि मी तुला घराबाहेर काढलं.

आणि तूसुद्धा. एक वाक्य, “दादाला विचार.” बस. तेवढं म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी विचारलं असतं. पण नाही, भावाची लाज झाकायची होती. झाकलीस, आणि वर बाटल्या पाठवत राहिलीस. मला तुझाही राग येतोय, आज तर जास्तच येतोय. दोघं बहीणभाऊ एकसारखे आहात. तो चुकीचं करून गप्प बसतो आणि तू बरोबर असून गप्प बसतेस, आणि मधल्या मधे मी एकटी ओरडत असते.

गाडीचं सांगायचं राहिलं. मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. तुझा दादा म्हणाला, “निदान आपण आधी घरात बसून ठरवू.” मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

“थाळ्या येणार नाहीत,” मी म्हटलं. “लगद्यात रद्दी मिसळली गेलीय.”

त्या म्हणाल्या, “मग आज दुपारचं सूप मी कशात देऊ?”

“माहीत नाही.”

“फोमचे डबे परत काढावे लागतील.”

“हो.”

“तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

त्यांनी फोन ठेवला. शाबासकी वगैरे काही नाही, आणि का द्यावी? त्यांच्या पेशंटना आज फोममध्येच जेवण गेलं. ड्रायव्हरनं कुरकुरत माल उतरवला. अंगणात थाळ्यांचा ढीग पडलाय, त्यावर तुझा चांगला लेप चकाकतोय. बघवत नाही.

हे पत्र पोस्टात टाकेन की नाही कोण जाणे.


२३ मार्च

मागचं पत्र टाकलं नाही. यातच दुमडून ठेवलंय, दोन्ही एकदम वाच.

बाईंचं उत्तर आलं. नवी खेप, नवा अहवाल, पुन्हा दोन वॉर्डांत चाचणी, मग बघू. शब्द दिलेला नाही. तोवर फोम. साचे विकायचे नाहीत असं मी सांगितलंय, आणि या वेळी ठरवणारी मी आहे. नवं काड आलंय, ते मी स्वतः मोजून आत घेतलं आणि गोदामाची किल्ली कमरेला लावलीय. तुला बघायला आवडेल, अगदी नाटकातल्या सासूसारखी दिसते.

आईंना मी काही सांगितलं नाही. तुझ्या दादाला म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यानं सांगितलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तेव्हापासून त्याच्याशी मीठ वाढण्यापुरतंच बोलतात. तुला रविवारी फोन केला नाही तो त्यामुळे. तुझ्याशी काय बोलायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

परवा तुझा दादा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “तिला काहीतरी लिहायला हवं. तूच लिही, तुला जमतं.” मला हसू आलं, संतापही आला. म्हणजे त्याची कबुली मी लिहायची, तुझा राग मी सोसायचा, आणि खाली त्यानं नुसती सही ठोकायची. मी म्हटलं, “तुमचं मी लिहिणार नाही. गाडीत बसा.”

तेव्हा हे पत्र तो घेऊन येतोय. त्याला बजावून ठेवलंय की आधी तोंडानं बोलायचं, केकवाल्यापासून निळ्या ठिपक्यापर्यंत सगळं, आणि मगच खिशातून पत्र काढायचं. त्यानं तसं केलं असेल तर त्याला आत घे आणि पाणी दे, घसा कोरडा पडला असेल. त्याला एवढं बोलायची सवय नाही.

पण एक शब्द न बोलता त्यानं हे पुढे केलं असेल, तर इथेच थांब. पत्र त्याच्या हातात परत दे आणि दार लावून घे. तो बाहेर उभा राहील, राहू दे. बोलल्याशिवाय त्याला गाडीत घेणार नाही असं मी सांगितलंय.

मलाही तुझ्याशी बोलायचं आहे. ज्या तोंडानं तुला घराबाहेर जा म्हटलं त्याच तोंडानं बोलायला हवं, म्हणून इथं लिहीत नाही. मी खाली तुझ्या जिन्यापाशी उभी आहे. त्याचं झालं की मला हाक मार.